ग्रीक येत नाही. स्ट्राँगच्या क्रमांकांवरून बायबलमधल्या शब्दाचा मूळ अर्थ कळेल का?

मूळ शब्द कोणता हे कळेल, पण तिथला अर्थ नुसत्या क्रमांकावरून ठरवू नका. जेम्स स्ट्राँग यांच्या १८९०च्या बायबल शब्दसूचीत प्रत्येक मूळ हिब्रू-ग्रीक शब्दाला एक क्रमांक दिलेला आहे, आणि एकेका शब्दाखाली अनेक अर्थ असतात. त्यातला आवडेल तो उचलता येत नाही. योहान २१:१५-१७ मध्ये येशू पेत्राला ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ असं तीनदा विचारतो; ‘प्रीती करणे’साठी दोनदा ‘अगापाओ’ आणि तिसऱ्यांदा ‘फिलेओ’ हे ग्रीक क्रियापद येतं. त्यावरून दैवी प्रेम आणि साधं प्रेम असा भेद अनेक जण सांगतात. पण पित्याची पुत्रावरची प्रीती योहानानेच ३:३५ मध्ये ‘अगापाओ’ने आणि ५:२० मध्ये ‘फिलेओ’ने सांगितली आहे! म्हणून त्याच लेखकाची तो शब्द असलेली सगळी वचनं आधी वाचा. मात्र प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘रोजची’साठीचा ‘एपिऊसिओस’ नव्या करारात फक्त दोनदा येतो. अशा दुर्मीळ शब्दांना चांगला ग्रीक कोशच लागतो.