पिकअपला पिकअप नाही!

प्रश्न : काका, माझी २०१७ची टर्बो डिझेल पिकअप आहे. सोलापूर मार्केट यार्डातून कांदा भरून तुळजापूरमार्गे लातूरला जातो. तुळजापूरचा घाट पूर्वी तिसऱ्या गिअरवर चढायची, आता दुसऱ्यावरही दम टाकते. मागं काळा धूर. एक जण म्हणतो, १८ हजारांत रिमॅप करतो, गाडी उडेल. करू का?
– एक वाचक, बाळे

उत्तर : भाऊ, पूर्वी चढायची म्हणजे ताकद इंजिनात होतीच. ती गेली कुठं, ते आधी शोधू.

काळा धूर म्हणजे डिझेल जळायला हवा पुरत नाही. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती शंभर डिग्रीच्या वर तापते, म्हणून इंटरकूलरमध्ये गार करून इंजिनात सोडतात. तापलेली हवा विरळ. मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ डिग्री असतं. २० डिग्रीच्या मानानं त्या हवेत सात-आठ टक्के ऑक्सिजन तसाही कमी. त्यात तुम्ही कांदेवाले! मागच्या उन्हाळ्यात यार्डातलीच एक गाडी आली होती. पुढची जाळी काढली तर इंटरकूलरच्या पात्यांवर कांद्याचे पापुद्रे, धूळ आणि तेल मिळून गोधडी झालेली. धुतली, एवढंच. पैसे घ्यायची लाज वाटली, चहावर भागवलं.

ते झालं की टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनकडं जाणारे रबरी होज बघा. क्लिपच्या कडेनं, खालच्या अंगाला बोट फिरवा. बोट तेलानं माखलं आणि नखाला चीर लागली, तर चोर सापडला. लोडवर ‘सूं’ आवाज येत असेल तर खात्रीच. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर तर बघालच.

आता रिमॅप. ते थोतांड नाही बरं का. किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या), किती लोडवर किती डिझेल सोडायचं, टर्बोनं किती दाब द्यायचा, याचे तक्ते ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरात असतात. ते बदलले की ओढ खरोखर वाढते. पण फाटक्या होजवर डिझेल वाढवलं तर नुसता धूर वाढतो आणि सायलेन्सरकडं जाणारा गॅस भयंकर तापतो. हे मी २०१४ साली स्वतःच्या गाडीवर करून बसलोय. घाईत रिमॅप करून घेतलं, इंटरकूलर बघितलाच नाही. वडाळ्याच्या अलीकडं ‘खट’ झालं. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनची कड मेणबत्तीसारखी ओघळलेली. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, हे शाळेत शिकलो होतो, कळलं तेव्हा.

तुमच्या गाडीत तर लोडही किती असतो, मला ठाऊक आहे. दीड टनाच्या गाडीत अडीच टन कांदा! खालच्या आरपीएमला टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवायची ताकद, वाढवला की पहिली क्लच प्लेट जाणार, मग गिअरबॉक्स कुरकुरणार.

होज नवा टाका, क्लिपाही नव्या घ्या, इंटरकूलर धुवा आणि तेवढाच कांदा भरून घाट चढून बघा. तरीही हौस असेल तर त्या माणसाला विचारा, ईसीयूतली मूळ फाईल काढून ठेवतो का आणि लोडवर गॅसचं तापमान मोजतो का. ‘काय गरज नाही हो’ म्हणाला, तर किल्ली परत खिशात टाका.