नोटीस पाठवली म्हणून मुदत वाढत नाही

पुण्यातील एका गॅरेजमध्ये 14 ऑक्टोबर 2023 रोजी आपण आपल्या 2008 च्या होंडा सीआर-व्हीच्या पॉवर स्टिअरिंगचे तेल आणि फिल्टर बदलून घेतले. तीन आठवड्यांत गाडी वळवताना आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग जड झाले. गॅरेजने दोनदा वरून तेल भरून दिले. पुढे आपली बदली नाशिकला झाली. 22 फेब्रुवारी 2024 रोजी तेथील वर्कशॉपने चुकीच्या तेलामुळे सील खराब झाल्याचे जॉबकार्डवर लिहून पंप आणि रॅक बदलला व आपल्याला 71,000 रुपये मोजावे लागले. मार्च 2025 मध्ये आपण वकिलामार्फत नोटीस पाठवली, एप्रिलमध्ये गॅरेजने जबाबदारी झटकली आणि आता, जानेवारी 2026 च्या तिसऱ्या आठवड्यात, आपण विचारता की नकार एप्रिल 2025 मध्ये आल्यामुळे ग्राहक आयोगात जाण्यासाठी एप्रिल 2027 पर्यंत वेळ आहे ना.

नाही. या आशयाची पत्रे सातत्याने येतात; गाडीच्या जागी कधी वॉशिंग मशीन असते, कधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पण गैरसमज तोच असतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. नोटीस, तिचे उत्तर, त्यानंतरची पत्रे यांपैकी कशानेही एकदा सुरू झालेली मुदत थांबत नाही आणि नव्याने सुरूही होत नाही. समोरच्याने हा मुद्दा काढला नाही तर निभावेल, अशीही आशा बाळगू नये, कारण मुदतीचा प्रश्न आयोगाने स्वतःहून तपासला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

म्हणून आपल्या प्रकरणात निर्णायक प्रश्न एकच उरतो, तो म्हणजे तक्रारीचे कारण नेमके कोणत्या दिवशी घडले. तेल भरले तो दिवस धरला तर मुदत ऑक्टोबर 2025 मध्येच संपली. आपण 5 नोव्हेंबर 2023 रोजी गॅरेजमालकाला आवाजाबद्दल व्हॉट्सअॅपवर जो संदेश पाठवला तो दिवस धरला तर ती नोव्हेंबरमध्ये संपली. नाशिकच्या जॉबकार्डची तारीख धरली तरच ती अजून शिल्लक आहे आणि 22 फेब्रुवारी 2026 रोजी संपते. त्या दिवशी रविवार आहे. सुट्टीमुळे पुढच्या कामकाजाच्या दिवसाची सवलत मागता येते, हे खरे असले तरी तिच्यावर विसंबून राहणे म्हणजे आधीच्या हलगर्जीपणात भर घालणे होय.

जॉबकार्डाची तारीख धरावी, हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. डॉ. श्रीखंडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये वैद्यकीय निष्काळजीपणासंदर्भात असे म्हटले की, दुष्परिणाम उघड असेल तर कृत्याच्या दिवसापासून मुदत मोजावी. तो दडलेला असेल तर तक्रारदाराला तो कळला, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळू शकला असता, त्या दिवसापासून मोजावी. पॉवर स्टिअरिंगमध्ये कोणते तेल आहे हे सामान्य चालकाला बाहेरून कळत नाही आणि सील हळूहळू खराब होतात, त्यामुळे हे तत्त्व येथे लावण्यासाठी आग्रह धरता येईल. मात्र त्याच निकालाची दुसरी बाजू प्रतिपक्षाचे वकील नक्की वाचून दाखवतील. त्या प्रकरणात 1993 च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेले गॉज 2002 मध्ये सापडले होते, तरीही तक्रार मुदतबाह्य ठरली, कारण तक्रारदार स्वतः परिचारिका होत्या आणि मधली वर्षे पोटदुखी सुरू असूनही त्यांनी वेळेत तपासणी करून घेतली नव्हती. आपला नोव्हेंबरचा संदेश म्हणजे ती पोटदुखी, असे गॅरेजतर्फे म्हटले जाईल. आयोग कोणती तारीख स्वीकारेल हे मी आज सांगू शकत नाही आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

यावर मार्ग असा की, 22 फेब्रुवारीच्या पुरेसे आधी तक्रार दाखल करावी, तक्रारीचे कारण 22 फेब्रुवारी 2024 रोजी घडल्याचे त्यात नमूद करावे आणि आयोगाने आधीची तारीख धरली तर झालेला विलंब माफ व्हावा, यासाठी कलम 69 च्या दुसऱ्या पोटकलमाखाली शपथपत्रासह स्वतंत्र अर्ज त्याच वेळी जोडावा. हा अर्ज नंतर देऊ, असे पुष्कळ वकील म्हणतात; तसे करू नये. विलंबाचे सबळ कारण म्हणून आपल्याकडे एकच दखलपात्र गोष्ट आहे, ती म्हणजे 9 जून 2024 चा गॅरेजमालकाचा संदेश, ज्यात त्याने अर्धा खर्च देण्याचे कबूल करून थोडा वेळ मागितला होता. देणे लेखी मान्य केले की मुदत नव्याने मोजावी, असे सांगणाऱ्या मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे या संदेशामुळे नवी मुदत सुरू होते, असा दावाही काही जण करतील. नुकसानभरपाईच्या वादात तो कितपत टिकेल याची मला शंका आहे. विलंबमाफीसाठी मात्र तो उपयोगी आहे, कारण आपण तडजोडीच्या आश्वासनावर थांबला होता हे त्यातून दिसते. अडचण त्यानंतरच्या काळाची आहे. एप्रिल 2025 मध्ये लेखी नकार हाती आला, तेव्हा कोणत्याही हिशेबाने किमान सहा महिने शिल्लक होते. ते का दवडले याचे उत्तर आपल्या पत्रात नाही आणि आपल्या वकिलांनीही आपल्याला सावध केलेले दिसत नाही. या काळाचे प्रामाणिक स्पष्टीकरण शपथपत्रात द्यावेच लागेल.

मूळ वादाबद्दल थोडक्यात. सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे. सुदैवाने गॅरेजच्या बिलावर 'एटीएफ 1 लिटर', म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, असे लिहिले आहे, तर होंडा या गाड्यांसाठी स्वतःचेच पॉवर स्टिअरिंग फ्लुइड वापरण्यास सांगते. जुन्या टोयोटासारख्या बऱ्याच गाड्यांना डेक्स्रॉन जातीचे एटीएफ चालते, त्यामुळे अनेक मेकॅनिक तेच सर्वत्र भरतात. गाडीसोबतच्या पुस्तिकेचे ते पान बिलाशेजारी जोडावे. फिल्टरचा मुद्दा तर मला याहून सोपा वाटतो. बिलात फिल्टर बदलल्याचे 450 रुपये आहेत, पण नाशिकचे जॉबकार्ड सांगते की गाळणीची जाळी तेलाच्या टाकीतच बसवलेली होती, टाकी मूळचीच होती आणि जाळी गाळाने भरलेली होती. जो भाग बदललाच नाही त्याचे पैसे घेतले, हे कागदावरच दिसते. गाडी जुनी होती, सील तसेही गेलेच असते, असा बचाव येईल आणि त्याला थोडे वजनही आहे. त्यामुळे पूर्ण 71,000 रुपये मिळतीलच असे मी म्हणणार नाही. जुना पंप आणि रॅक वर्कशॉपमध्येच सोडून दिला नसता, तर तपासणी मागता आली असती. आता ज्या मेकॅनिकने गाडी उघडली त्याचे शपथपत्र हाच आधार आहे, तो मिळेल तितक्या लवकर घ्यावा. बिलामागे छापलेल्या 'गाडी ताब्यात घेतल्यावर तक्रार चालणार नाही' या ओळीला घाबरण्याचे कारण नाही.

आपण नाशिकला राहता, त्यामुळे तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात करता येते. पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून दाखल करणार असाल तर पोच क्रमांक जपून ठेवावा आणि शेवटच्या दोन दिवसांवर हे काम टाकू नये. तीन महिन्यांत निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून कितीतरी अधिक काळ लागतो, त्यामुळे या पैशांवर कोणताही हिशेब बांधू नये. विलंबमाफी नाकारली गेली, तर करारभंगाचा दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत, म्हणजे सावधपणे मोजले तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत करता येईल. तेथे न्यायालयीन शुल्क भरावे लागेल आणि वेळही अधिक जाईल.

दरम्यान, ज्या फोनवर 9 जूनचा संदेश आहे तो फोन बदलू नये, विकू नये किंवा दुरुस्तीलाही देऊ नये. नुसते स्क्रीनशॉट पुरेसे ठरतीलच असे नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र तक्रारीसोबतच जोडावे.