बी.एस्सी. गणित करून पहिली-दुसरीला शिकवायचं?

‘मॅडम, मी वसईची. टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय गणित. आमच्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या पॅरिशच्या) मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. तिथेच परत जाऊन गणित शिकवावं असं फार वाटतं. पप्पा म्हणतात, एवढं गणित शिकून पोरांना एक-दोन शिकवायला कशाला जायचं, बी.एड. कर आणि हायस्कूलला लाग. मावशी म्हणते, आपल्या मिशनच्या शाळेत टीईटी-बीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) काही लागत नाही, फादरना भेटलं की काम होतं. आई म्हणते, त्यापेक्षा घरीच ट्यूशन काढ. माझा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे: ख्रिस्ती शाळेत गणित शिकवणं वेगळं असतं का? असावं का?’
— एक विद्यार्थिनी, वसई

पोरी, तुझ्या पत्रात तुझ्याशिवाय तीन माणसं बोलतायत आणि तिघांचंही थोडं थोडं चुकतंय. आधी मावशीचं घेते, कारण ते सगळ्यात महागात पडेल.

मावशी जे सांगते त्याला एके काळी आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘प्रमाती’ खटल्यात निकाल दिला की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही. टीईटीची अट त्याच कायद्यातून आलेली, त्यामुळे ‘आपल्याला लागत नाही’ हे वाक्य मिशन शाळांच्या स्टाफरूममध्ये रुजलं. पण १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमातीच्या निकालावरच शंका घेतली आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. बाकीच्या शाळांतल्या, नोकरीत मुरलेल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हायला दोन वर्षांची मुदत दिली. सूट मिळाली ती निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना, आणि तीही बढती नको असेल तर. अशा वेळी एकवीस वर्षांच्या मुलीने टीईटी न देता नोकरी धरणं म्हणजे भरतीच्या वेळी वाळूत घर बांधणं. टीईटीचा पहिला पेपर दे, तो पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी असतो. १५० प्रश्न, १५० गुण, चुकीला गुण कापत नाहीत, खुल्या प्रवर्गाला ९० हवेत. त्यात गणिताचे ३०. ते तुझे आहेतच. तुला घाम फुटेल तो बालमानसशास्त्राच्या तीसला. एकदा पास झालीस की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

आता पप्पा. ‘बी.एड. कर’ हा सल्ला हायस्कूलसाठी बरोबर आहे, तुझ्या इच्छेसाठी चूक. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. चालत नाही. तिथे डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपलं जुनं डी.एड. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश बारावीच्या गुणांवर. पदवी हाताशी असून बारावीच्या गुणपत्रिकेवर रांगेत उभं राहायचं हे अनेक मुलींना कमीपणाचं वाटतं. वाटू दे. बी.एड. केलंस तर सहावी ते आठवीचं दार उघडं राहतं, पहिली-दुसरीचं बंद होतं. हे आधी ठरव, कारण दोन वर्षं आणि फी एकदाच खर्च करायची आहे.

आणखी एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. प्राथमिक शाळेत ‘गणित शिक्षक’ असं पद नसतं. पहिली ते चौथीला तू वर्गशिक्षिका असशील. मराठी, परिसर अभ्यास, कार्यानुभव, हजेरीपट, आहाराची नोंद, नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांच्या दाढ्या, सगळं तुझं. गणिताला दिवसातला एखादा तास मिळेल. फक्त गणितच शिकवायचं असेल तर पप्पांचं हायस्कूल बरं. मुलांसोबत दिवसभर राहून त्यांच्या डोक्यात आकडा कसा उगवतो ते बघायचं असेल, तर तू म्हणतेस तेच कर.

‘पोरांना एक-दोन शिकवायला’ हे मात्र मला टोचलं. पप्पांना एक गणित घाल. ४०२ वजा १७५. ते २२७ सांगतील. मग म्हण, आता हे आठ वर्षांच्या पोराला समजावून द्या. एककाच्या घरात दोनातून पाच जात नाहीत, म्हणून दशकाकडे मागायला जावं तर त्याच्याकडे शून्य. शतक फोडून दहा दशक करायचे, त्यातला एक दशक फोडून दहा एकक करायचे, मागे नऊ दशक उरतात. आपण मोठी माणसं हे हातच्यांच्या खुणा करून उरकतो. ‘शून्याचे नऊ का झाले?’ असं पोराने विचारलं की आपली गाडी अडते. आणि वर्गातली निदान काही मुलं तुला ३७३ लिहून देतील. पाचातून दोन गेले तीन, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. हे मूल मठ्ठ नाही. त्याने नियम धरलाय की मोठ्यातून लहान वजा करायचं, आणि तो नियम पहिलीत आपणच त्याला दिलाय. लाल पेनने फुली मारणारी बाई आणि ३७३ कुठून आलं हे ओळखणारी बाई, यांच्यातला फरक हाच या नोकरीचा गाभा आहे. तुझ्या बी.एस्सी.त तो शिकवलेला नाही. पदवीच्या गणितातलं एप्सिलॉन-डेल्टा येतं म्हणून आपल्याला एकक-दशक येतं असं समजून वर्गात गेलीस, तर पहिल्या सत्रातच तोंडावर पडशील. हे मी पदवीधर मुलींच्या बाबतीत पाहिलंय.

मराठी शाळेत तर याला आणखी एक पदर आहे. आपल्या संख्यानामांत एकक आधी येतो: पंचवीसमध्ये पाच आधी, बावन्नमध्ये दोन आधी. लिहिताना मात्र दशक आधी. म्हणून मूल बावन्न ऐकतं आणि २५ लिहितं. त्यात आपले ‘एकोण’. एकोणऐंशी ऐकून ८९ लिहिणारं मूल खरं तर नीट ऐकतंय, त्याला ‘ऐंशी’ ऐकू आलं. एकोणनव्वदपर्यंत ही वजाबाकी गळी उतरवावी, तर पुढे एकोणशंभर न येता नव्याण्णव येतं! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढी खिल्ली उडाली, आठवत असेल. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून जोडीला दुसरी वाट दिली आहे. ऐकलं कुणी? भाषेचं बोलायचं तर मला तेव्हाही दोन्ही बाजू पटत होत्या. पण खिल्ली उडवणाऱ्यांतल्या फारच थोड्यांनी कधी दुसरीच्या वर्गात संख्या सांगून लिहून घेतल्या असतील. तुझ्या वर्गात तर कुणाच्या घरी कादोडी बोली, कुणाच्या घरी वाडवळी, मागच्या बाकावर भोजपुरी. या सगळ्यांचा सत्तावन्न एकसारखा नसतो. काड्यांचे दहाचे गठ्ठे, मण्यांची माळ आणि चिकार वेळ, याहून चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही.

अजून एक छोटी परीक्षा. फळ्यावर ८ + ४ = □ + ५ लिही. बरीच मुलं चौकटीत १२ लिहितील. त्यांच्या लेखी ‘बरोबर’चं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा हुकूम असतो, दोन्ही बाजू सारख्या असल्याचं सांगणं नव्हे. दुसरीत हे समजायचं राहून गेलं की आठवीत समीकरण आल्यावर तेच मूल म्हणतं, मला गणित जमत नाही. पप्पांच्या हायस्कूलात जे बिघडलेलं दिसतं ते बऱ्याचदा इथे बिघडलेलं असतं.

आता तुझा प्रश्न. ख्रिस्ती शाळेत गणित वेगळं असतं का? नाही. बेरजेला बाप्तिस्मा होत नाही. काही उत्साही बाया प्रत्येक उदाहरणात बायबल घालतात, तो मोह टाळ. पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन पाच हजार माणसांचा भागाकार फळ्यावर मांडलास तर एका माणसाला भाकरीचा जेमतेम एक सहस्रांश मिळतो हे एखादं चुणचुणीत पोर काढून दाखवेल, वर विचारेल की मग बारा टोपल्या उरल्या कशा. तो चमत्कार आहे. चमत्काराचा हिशेब मांडला की गणितही बिघडतं आणि गोष्टही. शंभर मेंढरांतलं एक हरवतं ती गोष्ट मात्र खुशाल सांग, तिच्यात नव्याण्णव आहे. हा अवघड शब्द एवढ्या सहज दुसरीकडे कुठे मिळणार?

तुझ्या वर्गात सगळी मुलं ख्रिस्ती नसतील हेही धरून चाल. म्हणूनच कॅथलिक शाळांमधून कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला बसतात तेव्हा इतरांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. संविधानाच्या कलम २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. गणिताच्या तासाला तर नाहीच नाही.

वेगळेपण हवंच असेल तर ते वर्गात कोण बसलंय यात शोध. सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या, मुलींच्या शाळांत आयुष्य घातलं. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण झालं त्या ठिकाणांत फरारबाईंचं नगर आहे. ज्यांना कुणी पाटी देत नव्हतं त्यांच्या हातात ती देणं, हा या शाळांचा चांगला वारसा. वाईटही आहे. मी हिंदू घरातली, मिशनच्या शाळेत शिकले, आणि प्रेमाचा धर्म सांगणाऱ्या त्या इमारतीत सतराच्या पाढ्यासाठी बोटांवर फुटपट्टी खाल्ली. सतरा आठे किती, हे मला आजही क्षणभर थांबून काढावं लागतं. पाढे पाठ करून घे, जरूर घे, पावकी-निमकीसुद्धा घे. पण भीतीने पाठ झालेलं भीतीसोबतच आठवतं.

पैशाचं स्पष्ट बोलते. शाळा अनुदानित आहे का, हा पहिला प्रश्न. अनुदानित असेल तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना १६,००० मानधन (२०२३ पर्यंत ते ६,००० होतं, विचार कर). नंतर वेतनश्रेणी, मूळ वेतन २९,२०० पासून, वर भत्ते. विनाअनुदानित असेल तर संस्था देईल ते. कुणी ‘आधी रुजू हो, मग बघू’ म्हटलं तर नियुक्तिपत्र माग, शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता कधी येणार विचार आणि शालार्थ आयडी (सरकारी पगार ज्यावर निघतो तो क्रमांक) मिळेपर्यंत पगार कोण देणार तेही विचार. फादरसमोर हे बोलायला जीभ अडखळते, ठाऊक आहे. लेखी अर्जात लिही, म्हणजे जिभेचं काम नाही.

तुझ्या शाळेचा पट किती हेही बघून ये. मराठी प्राथमिक शाळांचा पट घसरतोय, संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) पदं कमी होतात, असलेले शिक्षक अतिरिक्त ठरतात. चौथीपर्यंत तू ज्या बाकावर बसलीस तो बाक अजून आहे, पद असेलच असं नाही. म्हणून एकाच शाळेवर जीव टांगू नकोस. आसपासच्या धर्मग्रामांच्या, सिस्टरांच्या संस्थांच्या, जिल्हा परिषदेच्या, सगळ्या शाळा धर. आणि मुख्याध्यापिकेच्या खुर्चीचं स्वप्न असेल तर आत्ताच ऐक: अल्पसंख्याक संस्थेला मुख्याध्यापक आपल्या पसंतीने नेमता येतो, ज्येष्ठता बाजूला ठेवूनही. सिस्टरांच्या शाळेत ती खुर्ची बऱ्याचदा सिस्टरांकडेच जाते. काहींना याचा पुढे कडवटपणा येतो.

राहिली आई. मान्यताप्राप्त शाळेत लागल्यावर खासगी शिकवण्या घेणं नियमात बसत नाही, तेव्हा नोकरी आणि ट्यूशन दोन्ही असा बेत असेल तर तो सोड. पण आत्ता तू मोकळी आहेस. परीक्षा संपली की वाडीतली दुसरी-तिसरीची तीन मुलं ओटीवर बसव, फी घेऊ नकोस, काड्या आणि रबरबँड घे, आणि ४०२ वजा १७५ घाल. कोण ३७३ लिहितं ते बघ. त्याला चूक म्हणायच्या आधी विचार, ‘कसं केलंस, सांग मला.’ महिनाभर हे करून तुला कंटाळा आला तर बी.एड.चा फॉर्म भर, पप्पा खूश होतील. नाही आला, तर बारावीची गुणपत्रिका शोधून ठेव, डी.एल.एड.चे अर्ज साधारण निकालांच्या सुमारासच निघतात.