एकावन्नचं एकोणपन्नास

“सुटलेलं पुन्हा जमेल का हो?” हा प्रश्न माझ्यासारख्या समुपदेशकाकडे वर्षभर येत असतो. कुणाचं पोहणं सुटलेलं, कुणाचा तंबोरा गवसणीत गेलेला, कुणी बाळंतपणानंतर स्कूटरला हात न लावलेला. अनघाचं सुटलं होतं स्कीइंग. (नाव-गाव अर्थातच बदललंय.)

वय एकावन्न, मूळची साताऱ्याची, राहते म्युनिकला. तिशीत तिकडे गेल्यावर शिकली आणि तरबेज झाली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे आल्प्समधले स्कीचे उतार बंद झाले, मग वडिलांचं आजारपण, साताऱ्याच्या फेऱ्या. पाच हिवाळे असेच गेले. मैत्रिणींनी जानेवारीत गार्मिशला स्कीइंगसाठी जायचं ठरवलं आणि हिची झोप उडाली.

पहिले दोन व्हिडिओ कॉल ती पडण्याबद्दलच बोलली. गुडघा, लिगामेंट, ऑपरेशन. मला काही ते पटेना. तिकडे निळी खूण सोप्या उताराची, लाल मधल्या, काळी अवघड. मी म्हटलं, “मग पहिला दिवस निळ्यावर काढा की.”

“ताई, निळ्यावर चार-पाच वर्षांची पोरं असतात! मैत्रिणी वर लालवर आणि मी खाली?”

पडायचीच भीती असती, तर निळ्याचं नाव काढताच तिला हायसं वाटलं असतं.

तिसऱ्या वेळी तिने भाड्याच्या स्कीचा फॉर्म भरून ठेवला होता. त्यात वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी विचारतात. शिवाय तुम्ही जपून जाता, मध्यम की वेगात. त्यावरून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचा, ताण ठरतो. पडताना बूट सुटायला हवा. ताण जास्त असेल तर स्की पायातच राहते आणि पीळ गुडघ्याला बसतो. म्हणून पन्नाशीनंतर हा ताण एक पायरी खाली आणतात.

“काय काय भरलंत?”

बराच वेळ काही नाही. मग हळूच, “वय एकोणपन्नास. वजन सहा किलो कमी. आणि... वेगात.”

आधी मी हसले, मग ती. हसता हसता तिचे डोळे भरून आले. “म्हणजे गुडघ्याची काळजी म्हणून रडते आणि गुडघाच गहाण टाकते!”

हे मी सांगितलं असतं तर एवढं लागलं नसतं. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली, त्यामुळे माझा कान ‘च’वर असतो. ‘पूर्वीसारखं जमावं’ ही इच्छा झाली, ‘जमलंच पाहिजे’ हा हट्ट. भीतीला खतपाणी त्या ‘च’चं. इतक्या वर्षांत हे निदान क्वचितच चुकलंय.

असाच घोर असणाऱ्यांना सांगते: तोल शरीराच्या बराच लक्षात राहतो, मांड्यांची ताकद मात्र राहत नाही. दीड-दोन महिने आधी भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं बसायचा सराव करा. जुना गुडघा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. माळ्यावरचे बूट तपासून घ्या, प्लास्टिकही म्हातारं होतं. पहिल्या दिवशी तासभर प्रशिक्षक घ्या. त्याला ‘मला येतं’ नका सांगू, ‘पाच वर्षं केलं नाही’ सांगा. आणि पाय थरथरायला लागले की थांबा, ‘एक शेवटची फेरी’ नको.

अनघाने फॉर्म बदलला. एकावन्न, खरं वजन, जपून. तिसऱ्या दिवशी ती लाल उतारावरही गेली, पण मला मेसेज आला तो पहिल्याच संध्याकाळी: “पोरं माझ्याआधी खाली पोचली. एक चिमुरडी माझी काठी घेऊन परत वर चढत आली.”