दुपारी दोनचा प्रश्न

बेळगाव

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे समजून तू ते वेगवेगळ्या पानांवर लिहिले आहेस. पहिला असा, की हिमाचलमधील यूनाम शिखराच्या माथ्याच्या इतक्या जवळ जाऊन तू अकरा वाजता गाइडबरोबर खाली उतरलीस, बाकीचे एक वाजता वर पोहोचून सुखरूप परत आले, त्यांचा फ्लेक्स तुमच्या गल्लीच्या तोंडाशी लागला, मंडळाने फेटे बांधून सत्कार केला, कुंदा वाटला. मग तू भित्री ठरलीस का? दुसरा प्रश्न १९९६ सालच्या एव्हरेस्टवरील दुर्घटनेचा. श्वास चालू असलेल्या माणसांना बर्फात सोडून बाकीचे तंबूत कसे परतले, आणि ते पुढे सुखाने कसे जगले, असे तू विचारतेस.

पहिल्या प्रश्नाचा मला राग आला, दुसऱ्याने वाईट वाटले. पण माझ्या दृष्टीने हे दोन्ही प्रश्न एकच आहेत, म्हणून उत्तरही एकच देतो. वेळ खाली ठरवायची असते. वर गेल्यावर फक्त घड्याळ पाहायचे असते. अकराची वेळ आपण माझ्या घरी, टिळकवाडीत, चहा पिताना ठरवली होती. समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीच हजार फुटांवर, पोटभर जेवलेल्या माणसांनी घेतलेला तो निर्णय होता. तो बदलण्याचा अधिकार सहा हजार मीटरवरच्या तुझ्या मेंदूला नव्हता आणि तू तो बदलला नाहीस. त्यात धैर्य किंवा भित्रेपणा शोधत बसू नकोस.

आता १९९६ कडे येतो. १० मे रोजी साउथ कोल या खिंडीतल्या छावणीवरून, म्हणजे सुमारे ७,९०० मीटरवरून, दोन व्यावसायिक तुकड्या मध्यरात्रीच्या सुमारास निघाल्या. एक न्यूझीलंडच्या रॉब हॉल यांची होती, दुसरी अमेरिकेच्या स्कॉट फिशर यांची. पैसे भरून आलेले गिर्यारोहक, त्यांचे गाइड आणि शेर्पा एकाच वाटेवर एकामागे एक उभे होते. वरच्या टप्प्यांवर दोर आधी लावलेले नव्हते, त्यामुळे हिलरी स्टेप या माथ्याजवळच्या उभ्या कड्याच्या खाली रांग लागली आणि तासामागून तास गेले. परतीची वेळ एक की दोन, हे हॉल यांनी शेवटपर्यंत ठामपणे जाहीर केले नाही, असे वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितले. हे वाक्य मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकवतो. एक की दोन! हॉल यांच्याइतका अनुभव त्या दिवशी डोंगरावर फार थोड्यांकडे होता आणि त्यांच्या शिस्तीचा दबदबा होता.

शिवाय हॉल यांना परत फिरणे कळत नव्हते असे मुळीच नाही. १९९५ साली त्यांनीच डग हॅन्सन या टपाल खात्यातील कर्मचाऱ्याला माथा हाकेच्या अंतरावर असताना मागे फिरवले होते. आणि १९९६ च्याच मे महिन्याच्या सुरुवातीला स्वीडनहून सायकलने आलेला योरान क्रोप माथ्यापासून शंभरेक मीटरवरून परतला, तेव्हा त्याच्या निर्णयाचे कौतुक करणाऱ्यांत हॉल होते. (क्रोप २३ मे रोजी पुन्हा चढला आणि माथ्यावर पोहोचला.) पण हॅन्सन यांना पुन्हा यायला हॉल यांनीच आग्रह केला होता, शुल्कातही सूट दिली होती. चारच्या सुमारास हॅन्सन अडखळत वर आले, तेव्हा तासाभराहून अधिक वेळ थांबलेले हॉल त्यांची वाट पाहत होते. मनावर एका माणसाचे वर्षभराचे ऋण आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश, अशा स्थितीत मनुष्य जे करतो त्याला मी निर्णय म्हणत नाही. विरळ हवेत पाय थकण्याच्या आधी विवेक थकतो आणि तो थकला आहे हे ज्याचे त्याला समजत नाही. उलट आपण अगदी ठीक आहोत असेच वाटत राहते. म्हणून वेळ खाली ठरवायची.

वादळ संध्याकाळी आले. हॉल, हॅन्सन, गाइड अँडी हॅरिस, फिशर आणि जपानच्या यासुको नाम्बा हे दक्षिण बाजूला मरण पावले. उत्तरेच्या तिबेटी बाजूने चढणाऱ्या इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाच्या तुकडीतील त्सेवांग समनला, दोर्जे मोरुप आणि त्सेवांग पालजोर हे तिघे लडाखी जवानही परतले नाहीत. त्यांच्याच तुकडीचे उपनेते हरभजन सिंग हवा बिघडताना पाहून मागे वळले होते आणि ते वाचले. आपल्या हलभावीला या दलाचा तळ आहे, तू त्या रस्त्याने कितीदा तरी गेली असशील. तरीही या तिघांची नावे बेळगावात मला आजवर कोणी विचारलेली नाहीत. पण हॉल यांनी रेडिओवरून गरोदर पत्नीशी केलेले शेवटचे बोलणे मात्र प्रत्येकाला ठाऊक असते.

हीच माझी तक्रार आहे. तुम्ही सगळे मध्यरात्रीचे प्रश्न विचारता. मला दुपारी दोनचा प्रश्न हवा असतो. कोणी कोणाला सोडले, हा मध्यरात्रीचा प्रश्न झाला; कोणी किती वाजता मागे फिरायला हवे होते, हा दुपारी दोनचा. फिशर यांचा गाइड अनातोली बुक्रेव्ह पुढे उतरून आला म्हणून त्याला दोष दिला गेला, आणि तोच त्या वादळात एकट्याने बाहेर पडून तिघांना घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल यांच्या तुकडीतले डॉ. स्टुअर्ट हचिसन शेर्प्यांसह त्याच तुकडीतल्या नाम्बा आणि बेक वेदर्स यांच्यापर्यंत पोहोचले. दोघांचा श्वास चालू होता, पण त्यांना खाली नेताना जिवंत असलेलेही मरतील, असे ठरवून त्यांना तिथेच ठेवावे लागले. त्या डॉक्टरवर तंबूत बसून खटला चालवणे मला जमत नाही, आणि तू गादीवर बसून तो चालवावास हे मला आवडलेले नाही. एक मात्र लक्षात घे. हेच हचिसन आदल्या दिवशी साडेअकराच्या सुमारास, जॉन टास्क आणि लू कासिश्के यांच्यासह, रांग हलत नाही आणि वेळ पुरणार नाही हे पाहून मागे फिरले होते. त्यांच्या अंगात दुसऱ्यांकडे जाण्याइतकी ताकद उरली ती त्या साडेअकरामुळे. त्या तिघांचा फ्लेक्स कोणी लावत नाही.

वेदर्स यांची गोष्ट सांगून तू मला अडवशील, म्हणून तीही सांगतो. उंचीवर त्यांची दृष्टी गेली, तेव्हा मी परत येईपर्यंत इथून हलू नका असे हॉल यांनी त्यांना बजावले आणि त्यांनी शब्द दिला. उतरणाऱ्या लोकांनी बरोबर चला म्हटले तरी ते दिलेल्या शब्दाला जागून थांबले आणि त्यापायी जवळजवळ गेले. म्हणजे ठरलेले पाळणेही जीव घेते, असे तू म्हणशील. बरोबर, पण त्या शब्दाला वेळ जोडलेली नव्हती. ‘मी येईपर्यंत’ ही वेळ नव्हे. ‘दोनपर्यंत, मग जो कोणी उतरेल त्याच्याबरोबर उतरा’ असे म्हटले असते तर एक उजवा हात, डाव्या हाताची बोटे आणि नाक वाचले असते. ते स्वतःच्या पायांनी छावणीत चालत आले, आणि नेपाळी लष्कराचे मदन खत्री छेत्री यांनी सहा हजार मीटरच्या वर हेलिकॉप्टर उतरवून त्यांना आणि तैवानचे मकालू गाऊ यांना खाली आणले. चमत्कार म्हणून वाचायला ठीक आहे, पण त्यावर आपली चढाई आखता येत नाही.

आता माझे ऐक, कारण तुझ्या पत्रातले ‘तुम्हाला काय कळणार’ हे न लिहिलेले वाक्यही मी वाचले आहे. गढवालमध्ये मी माझी तुकडी ठरल्या वेळी मागे वळवली. आमच्या मागून निघालेला दुसरा गट पुढे गेला. दिवसभर आभाळ निळे राहिले, वारा सुटलाच नाही, आणि ते सगळे माथा गाठून हसत परतले. माझ्या तुकडीतला एक जण पुढे माझ्या घरी यायचा थांबला. लग्नाची पत्रिकाही आली नाही. ते शिखर माझ्या हातून पुन्हा झाले नाही, आता गुडघे होऊ देणार नाहीत, आणि त्याची हळहळ मला पावसाळ्यात राजहंसगड चढतानाही होते. तरीही माझा निर्णय बरोबर होता. हवा चांगली राहिली म्हणून तो चुकत नाही, जशी वादळ आले असते म्हणून त्याची किंमत वाढली नसती. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. ज्यांना मी घेऊन गेलो ते सगळे दहा बोटांनी जेवतात.

तू लिहितेस, लष्करातले जवान कुठे परत फिरतात? आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले हनुमंतप्पा कोप्पद २०१६ साली सियाचिनमध्ये हिमस्खलनाखाली सहा दिवस राहून जिवंत सापडले आणि नंतर दिल्लीच्या इस्पितळात वारले. त्यांना चौकी सोडायची मुभा नव्हती. तुला होती, आणि तू रजा काढून, पैसे भरून, हौसेने गेली होतीस. या दोन गोष्टींची तुलना पुन्हा करू नकोस.

पुढच्या वर्षी सवलतीत पुन्हा नेतो, या वेळी माथा नक्की, असे तुला ज्या कंपनीने कळवले आहे, तिला आधी विचार, की परतीची वेळ किती, ती कोण पाळायला लावणार, आणि वाटेत कोणी थांबले तर त्याला कोण आणि किती वाजता खाली नेणार. ठरलेली वेळ डॉक्टरी चिकटपट्टीवर लिहून आइस अ‍ॅक्सच्या दांड्याला गुंडाळायची. जाड हातमोजे घातल्यावर मनगटावरचे घड्याळ बाहीत जाते, दांडा मात्र सतत डोळ्यांसमोर असतो. वर थांबलीस की डोके ठिकाणावर आहे का हे पाहायला शंभरातून सात सात वजा करत जा, आणि त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशीच्या पुढे अडखळलीस तर चिकटपट्टीवरची वेळ झालेली नसली तरी उतर.

कंपनीचे उत्तर लेखी आले तर अ‍ॅडव्हान्स भर. फोनवर गोड बोलून वेळ मारून नेली तर भरू नकोस, आणि मला तो कागद दाखवल्याशिवाय रजेचा अर्जही देऊ नकोस. रविवारी सकाळी मी घरी आहे.

कळावे.