डिप्लोमावाल्याला विचारतो कोण?

प्रश्न : काका, मी स्थापत्य डिप्लोमा झालोय. चिपळूणजवळ रस्त्याच्या साइटवर चार वर्षं सुपरवायझर आहे. डिग्री नाही म्हणून बैठकीला बोलवत नाहीत. ए.एम.आय.ई. (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्सची परीक्षा) करू का?

उत्तर : नको. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवलेल्यांना ती पदवीसमान धरत नाहीत. डिप्लोमावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो घे. घरचं जमत नसेल तर निदान इंडियन रोड्स काँग्रेसचे कोड, म्हणजे रस्तेबांधणीचे नियम, वाच. संस्था १९३४ सालची, पण आपल्या साइटवर तिची पुस्तकं प्लास्टिकच्या वेष्टनातच असतात!

मी नवा असताना घाटात एकाच जागी रस्ता खचायचा. आम्ही पदवीधर दर पावसात खडी ओतायचो. एका म्हाताऱ्या मुकादमाने कोयता घेतला, वरच्या अंगाची झाडोऱ्याने बुजलेली मोरी साफ केली. पाणी पलीकडे गेलं, खचणं थांबलं. पुढच्या बैठकीत साहेबांनी त्यालाच खुर्ची दिली. मी दाराशी उभा.

तू रोज मोऱ्या बघतोस ना? कुठली कधी तुंबली, तारखेनिशी वहीत लिही. जूनआधी ती वही साहेबांच्या टेबलावर ठेव.