‘पास’ दिसलं म्हणजे मेल खरा, असं नसतं

तुमचे प्रश्न दोन आहेत. एक, प्राप्तिकराचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झालाय, खाते क्रमांक चुकीचा असेल तर लिंकवर जाऊन बदला, असं सांगणारा मेल खरा का? जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’मध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल कुठून आला ते तपासणाऱ्या तिन्ही चाचण्यांपुढे ‘पास’ आहे म्हणता. दोन, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला मुलं पळवण्याचा व्हिडिओ खरा का?

आधी ‘पास’चं. त्याचा अर्थ एवढाच, की मेल ज्या डोमेनचं (मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं ते) नाव लावून आलाय, खरंच तिथूनच आलाय. ते डोमेन कोणाचं, हे त्यातून कळत नाही. भामट्याने स्वतःचं डोमेन विकत घेऊन सेटिंग नीट केलं की त्यालाही तिन्ही ‘पास’ मिळतात. उलट खरा मेल दुसऱ्या खात्यावरून आपोआप फॉरवर्ड होऊन आला तर त्याचा एसपीएफ बऱ्याचदा फेल जातो.

म्हणून डोमेन वाचा, आणि उजवीकडून वाचा. लिंकवर बोट दाबून धरलं की ती न उघडता पूर्ण पत्ता दिसतो. ‘एचटीटीपीएस’च्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली रेघ येते, तिथे थांबायचं आणि मागे यायचं. ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असेल तर मालक अमुकतमुक; आधीचं सगळं तोरण. ‘गव्ह डॉट इन’ सरकारी संस्थांनाच मिळतं, पण ते अगदी शेवटी हवं.

खरं तर रिफंडसाठी एवढी चिरफाड करायची गरजच नाही. मेल बाजूला ठेवा, प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा, लॉगिन करून ‘ई-फाइल’, ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’, ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’ असं जा. रिफंड निघाला असेल तर तिथे दिसतो. तो पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट केलेल्या, म्हणजे आधीच पडताळलेल्या खात्यातच येतो, आणि जमा झाला नाही तर ‘रीइश्यू’ची, म्हणजे पुन्हा पाठवण्याची विनंतीही तिथूनच करायची असते. मेलमधून खातं बदलून घेण्याची पद्धतच नाही.

मेलला नोटीस जोडलेली असेल तर तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक शोधा. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर तो असतो, आणि पोर्टलच्या पहिल्या पानावरून लॉगिन न करताही पडताळता येतो. गंमत म्हणजे कलम १४३(१)ची खरी इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून विभाग पाठवतो ते पत्र, लोक फसवी समजून उडवतात, कारण ती पासवर्ड लावलेली पीडीएफ असते. पासवर्ड म्हणजे आपला पॅन लहान अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख, आठ आकडी.

तुमच्या मेलमधली रक्कमही शिळी आहे. हाच १५,४९०चा मजकूर २०२३ मध्ये फिरत होता आणि पीआयबी फॅक्ट चेक या केंद्र सरकारच्या तपासणी कक्षाने तो खोटा असल्याचं तेव्हाच सांगितलं होतं. असा नेमका आकडा किंवा एखादं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलं की निम्मं काम होतं. पीआयबी मात्र केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांपुरतीच तपासणी करते.

व्हिडिओमध्ये दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, गणवेश दिसेल तिथे थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोधणाऱ्या सोयीत) टाका. शेवट अर्धवट तुटलेला वाटला तर मूळ, लांब व्हिडिओ शोधाच. २०१८ मध्ये देशभर फिरलेला, मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा व्हिडिओ मूळचा कराचीतला, मुलांच्या सुरक्षेबद्दलच्या जाहिरातीचा. उचललेलं मूल परत आणून देतात आणि संदेशाचा फलक दाखवतात, नेमका तो शेवट कापलेला होता. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अशाच अफवांपायी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. व्हॉट्सअॅप मेसेजवरच्या दुहेरी बाणाचा अर्थ तो पाच किंवा जास्त हातांतून गेलाय, इतकाच.

लिंक उघडून माहिती भरली असेल तर आधी बँकेला फोन करून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. आणि मेल डिलीट करू नका: तो कुठून आला ते हेडरमध्ये, म्हणजे ‘शो ओरिजिनल’मध्ये दिसणाऱ्या तांत्रिक नोंदीत असतं, आणि हेडर स्क्रीनशॉटमध्ये येत नाही.